मुक्या जागा

“इथे गेला आवाज,” राणीसरकार म्हणाली आणि वाकून तिने फरशीवर खडूची तिसरी फुली मारली.

“फेकतेय, मॅडम!” मागून कुणीतरी ओरडलं. “कुठे गेलाय? चांगला ऐकू येतोय की!”

प्रयोगशाळेच्या टेबलावर दोन स्पीकर शेजारी शेजारी बसले होते. दोघांतून एकच सूर निघत होता, न थकता, न थांबता. भौतिकशास्त्राच्या मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं. आवाजाच्या लाटेच्या उंचवट्याला उंचवटा भेटला की आवाज वाढतो. उंचवट्याला खळगा भेटला की दोन्ही लाटा एकमेकींना पुसून टाकतात. ती मुकी जागा शोधायची. दर वर्षी हे काम मायक्रोफोन करायचा. यंदा त्याने मान टाकली, तेव्हा मॅडम म्हणाल्या, “चाळीस जणींना कान आहेत की!”

चाळीस जणी फिरून फिरून दमल्या. आवाज बारीक व्हायचा, मोठा व्हायचा, पण जायचं नाव घेत नव्हता. जात होता तो एकट्या राणीसरकारपुरता.

राणीसरकार हे नाव वर्गाने ठेवलेलं. हाक मारली तर ओ द्यायची नाही, मनात आलं तर मान वळवायची. तिची बाजू घेणारी एकटी चिमणी. दिवसभर चिवचिव करणारी, तिच्या डाव्या हाताला बसणारी. सोमवारी चिमणीने बाकावर डोकं टेकून, भिजल्या आवाजात कुजबुजत सांगितलं होतं, “बाबांची बदली झालीये गं. परीक्षा झाली की आम्ही गाव सोडणार.” आणि राणीसरकारने वहीला समास आखता आखता विचारलं होतं, “तुझी पट्टी घेऊ?”

तेव्हापासून चिमणी गप्प. चार दिवस झाले. राणीसरकारला कारण कळत नव्हतं. नुसता डबा रोज अर्धा घरी परत जात होता.

मॅडमनी टेप काढला. फुल्यांमधलं अंतर मोजलं, वहीतल्या गणिताशी ताडून पाहिलं. बोटभराचाही फरक नव्हता. त्यांनी फुल्यांकडे पाहिलं, मग मुलीकडे, तिच्या नेहमी जराशा कललेल्या मानेकडे. आणि त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला.

“चूक माझीच,” त्या घाईघाईने म्हणाल्या. “एका कानाशी आवाज मिटतो, तेव्हा पलीकडच्या कानाशी तो शिल्लक असतो. म्हणून तुम्हाला कळत नाही. एका कानात बोट घाला आणि मग चाला.”

वर्गभर बोटं कानांत गेली. पहिलीच मुलगी फुलीवर पोचली आणि किंचाळली, “अगं बाई, खरंच गेला!”

“पण हिने कुठे घातलं होतं बोट?” चिमणी बोलून गेली. चार दिवस आवरलेली जीभ सुटायची ती नेमकी इथे.

मॅडमनी डोळे वटारले, पण शब्द सुटला होता. राणीसरकारला काहीही सांगता आलं असतं. जागा नशिबाने सापडल्या म्हणाली असती तरी निभावलं असतं. तिने चिमणीकडे पाहिलं.

“माझा डावा कान बंदच आहे. जन्मापासून.”

चिमणीने तोंडावर हात ठेवला. मग तो हात काढून तिच्या दंडावर एक चापट दिली.

“मग सांगायचं नाही का, गाढवे?”

“सांगितलं असतं तर तू घरच्यांसारखी लांबून ओरडून बोलली असतीस.” राणीसरकार म्हणाली. “आता तुझं निम्मं कळत नाही मला. पण तू जवळ येऊन सांगतेस ना, ते आवडतं. सोमवारी काय सांगितलंस गं?”

चिमणी तिला वळसा घालून उजव्या बाजूला आली. तिचा हात हातात घेतला, कानाशी तोंड नेलं.

वर्गभर कानांतली बोटं हळूच बाहेर आली. साऱ्या माना पुढे झाल्या.

तासाला कुजबुज कधीच खपवून न घेणाऱ्या मॅडमनी हात लांबवला आणि स्पीकरचा आवाज मोठा केला.