चौघींतली जागा

"टाच टेकव, योरीन! आधी टाच! कोंबडीसारखी चवड्यांवर नाचू नकोस!"

रेन्स्के आपल्या व्हीलचेअरवरून ओरडत होती. समोर दोन दांड्यांना लटकलेली योरीन घामाघूम झाली होती. तिनं एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं आणि धाडकन रेन्स्केच्या मांडीवर येऊन आदळली. रेन्स्केच्या हातातली कॉफी उडाली ती थेट व्यायाम घेणाऱ्या बाईंच्या पांढऱ्या शर्टावर. पण बाईंना त्याचं भान कुठलं? त्या डोळे पुसत होत्या.

"दोन पावलं! आणि मैत्रीण असावी तर अशी!"

मैत्रीण कसली? रेन्स्के टपून बसली होती.

व्हीलचेअर टेनिसमध्ये ती जगात पाचवी. जगात पाचवी म्हणजे काय कमी झालं? पण तिच्या वरच्या चारही जणी डचच, आणि पॅरालिम्पिकला एका देशाच्या चौघीच जाणार असा नियम. शेजारच्या बेल्जियममध्ये जन्मली असती तर तिच्या नावाची चॉकलेटं निघाली असती. इथे मात्र ती दर खेपेला झ्वोले गावातल्या घरात आईशेजारी बसून टीव्हीवर सामने बघायची. आणि आई म्हणायची, "अगं, तू मागे हरवलेली ती जपानी हीच ना? पदक मिळालं की गं तिला!"

आता रेन्स्केचे खांदे कुरकुरायला लागले होते. यंदा नाही तर कधीच नाही.

चौथी होती योरीन. लहानपणी काकाच्या गाईवर बसून मिरवायला गेली, गाईनं खाली टाकलं आणि कमरेखालचं सगळं गेलं. स्वभावानं गरीब, पण जागेला चिकटली ती चिकटलीच. दुखापत नाही, लग्न नाही, कंटाळा नाही. रेन्स्केनं तिच्यासाठी देवाकडे काय काय मागितलं ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

मग डॉक्टर ब्राउवरांनी कण्यावरची एक नवी शस्त्रक्रिया शोधून काढली आणि पहिल्या प्रयोगाला योरीनला निवडलं. रेन्स्केच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. धडधाकट माणसाला व्हीलचेअर टेनिस खेळता येत नाही. योरीन चालली की योरीन बाद!

त्या दिवसापासून शाप बंद आणि सेवा सुरू. रेन्स्के स्वतःचा सराव बुडवून इस्पितळात जायची. वाटाण्याचं सूप न्यायची, योरीनची पावलं चोळायची, तिच्या आळसावर खेकसायची.

"पुरे गं आता," योरीन कळवळायची. "मला सर्व्हिसचा सराव करायचाय."

"सर्व्हिस गेली खड्ड्यात! पाय बघ, पाय!"

टीव्हीवाले आले तेव्हा तर रेन्स्केनं कमालच केली. कॅमेऱ्यासमोर हुंदका देऊन म्हणाली, "माणसाला पाय मिळत असतील तर पदकं काय चाटायचीत?" अख्खा देश हळहळला. अनोळखी लोकांनी तिला चीज पाठवलं. तेही तिनं योरीनलाच खाऊ घातलं, हाडं बळकट व्हायला.

योरीनच्या वाढदिवसाला भिंतींना टेकवून खुर्च्या गोलात मांडल्या होत्या. कॉफीबरोबर एकेक बिस्कीट फिरवून डबा बंद झाला होता. आणि योरीन सफरचंदाचा केक घेऊन स्वयंपाकघरातून चालत आली. जराशी लंगडत, पण चालत! लोक रडले. डच रीतीप्रमाणे वाढदिवसाला घरच्या सगळ्यांचंच अभिनंदन करायचं असतं, पण त्या दिवशी रांग लागली ती रेन्स्केपुढे. "योरीनबद्दल अभिनंदन हं!" "तुझंच अभिनंदन!" रेन्स्केही रडली. सगळ्यांत मनापासून तीच रडली.

"टेनिस सोडताना जिवावर येत असेल, नाही?" केक मोडता मोडता तिनं विचारलं.

"सोडू कशाला?" योरीन म्हणाली. "काल तपासणी झाली ना माझी. डावा घोटा अजून मेलेलाच आहे. नियमाला तेवढं पुरतं म्हणाले. आणि गंमत सांगू? कंबर वळायला लागल्यापासून माझी सर्व्हिस कुणाला दिसतच नाही! परवा सरावात पहिल्या नंबरवालीला धुतली. सगळं तुझ्यामुळे, राणी!"

केक रेन्स्केच्या घशात अडकला. तिला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं.

"भरून आलं बिचारीला," शेजारीण म्हणाली.

पाठीवर कुणीतरी थोपटलं. बघते तर डॉक्टर ब्राउवर. "रेन्स्के, आज नाही सांगायचं तर कधी? पुढची शस्त्रक्रिया तुझ्या कण्यावर."

"माझी? नको नको, डॉक्टर, माझं टेनिस..."

"गप बैस!" कोपऱ्यातून आई कडाडली. "पदकं काय चाटायचीत म्हणून टीव्हीवर कोण रडलं होतं? मी हो सांगून टाकलंय."

सगळ्या खुर्च्यांनी टाळ्या वाजवल्या. योरीननं तिच्या गळ्यात हात टाकले. "आणि पावलं टाकून घ्यायला रोज मी येणार. सुटका नाही तुझी!"

रेन्स्केनं डॉक्टरांची बाही धरली. त्यांना खाली ओढलं आणि कानात कुजबुजली, "डॉक्टर... पण माझाही एखादा घोटा राहील ना?"

डॉक्टर खो खो हसले.

"छे, छे! योरीनच्या मानानं तुझी दुखापत म्हणजे काहीच नाही. तू खडखडीत बरी होणार, लिहून देतो!"