नापास कॅप्सूल

"ही कधीची?" उबदार कपाटाच्या पार मागच्या कोपऱ्यातून काढलेली काचेची ताटली प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी आपल्या सहायकांच्या नाकासमोर धरली.

सहायकांना पाठीमागे सगळे 'बघूनंतर' म्हणत. या नावाचा राग येऊ द्यायचा की नाही, हेही त्यांनी नंतर बघायचं ठरवलं होतं. पण बाई आत्ताच बघत होत्या.

बाईंचा नियम साधा होता. मेंदूच्या मूळपेशी पाणीदार जेलच्या मिरीएवढ्या कॅप्सूलमध्ये भरायच्या आणि प्रत्येक कॅप्सूल चिमट्याने दाबून बघायची. टणक ती पास. दबली ती नापास, रवानगी केराच्या डब्यात. पास झालेल्या कॅप्सूल थेट लष्करात भरती व्हाव्यात अशा तगड्या असत. आत पेशी सुरक्षित होत्या. इतक्या सुरक्षित, की एकीनेही आजवर हातपाय पसरले नव्हते. नुसत्या अंग चोरून पडून होत्या. आज संध्याकाळपर्यंत एकीला तरी तंतू फुटला नाही, तर वरचे लोक प्रयोगाला टाळं लावणार होते. शिडीवरून पडून पाठीच्या कण्यातल्या नसा तुटल्यापासून चाकाच्या खुर्चीत बसलेला बाईंचा धाकटा भाऊ तर रोज फोन करी, "ताई, उठल्या का गं तुझ्या पेशी?"

"नापास माल आहे हा," ताटलीतली एक कॅप्सूल चिमट्याने दाबून बाई म्हणाल्या. "टाकला का नाहीत?"

"टाकणारच होतो."

"आणि तोवर खायला घालत होतात?"

"उरलंसुरलं हो." सहायकांनी मान खाली घातली. "जिवंत होत्या, बाई. हात धजेना."

बाईंनी ताटली सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. गुन्ह्याचा पंचनामा नको का? सहायकांनी मनातल्या मनात राजीनामा लिहायला घेतला आणि सवयीप्रमाणे मायन्यापाशीच थांबले.

बाई वाकल्या त्या वाकलेल्याच राहिल्या. मग बाजूला झाल्या.

सहायकांनी डोळा लावला. मऊ, लेच्यापेच्या कॅप्सूलमध्ये पेशींना केसाहून बारीक धागे फुटले होते. टणक जेलमधून त्यांना वाट काढता येत नव्हती, इथे येत होती. एक धागा तर चांगला लांब जाऊन शेजारणीला बिलगला होता.

बाईंनी पदराने डोळे टिपले, घसा खाकरला आणि नेहमीच्या कडक आवाजात विचारलं,

"खरं सांगा, अजून काय काय टाकायचं राहिलंय तुमचं?"