अकरा मिनिटांचा संताप

डेथ मेटल, म्हणजे किंचाळत गायचं कर्कश रॉक संगीत, हे व्यवस्थेविरुद्धचं बंड. फिनलंडमधल्या योएन्सू गावातल्या इल्पोचं बंड गेली वीसेक वर्षं दर मंगळवारी, नगरपालिकेनं फुकट दिलेल्या तळघरात, बूट दाराबाहेर काढून चालायचं.

पन्नाशीच्या इल्पोला आता यातून सुटायचं होतं. पण बँडमधल्या दोघा मित्रांना ते तोंडावर सांगणार कोण? म्हणून नव्या रेकॉर्डवर तो गाणी सोडून नुसता बोंबलला. लोक शिव्या घालतील, बँड आपोआप मोडेल, असा हिशेब.

अभिप्राय येऊ लागले. एका मासिकानं लिहिलं, "इतका प्रामाणिक संताप कित्येक वर्षांत ऐकला नाही." औषधाच्या दुकानातली बाई म्हणाली, "इल्पो, गाडीत तुझंच लावते हं. नातू लगेच झोपतो." तक्रार एकाचीच होती: "अकराच मिनिटं?"

शनिवारी तिघं सौनात, त्या गरम वाफेच्या खोलीत, घाम गाळत बसले होते. ड्रमवाला पेट्री म्हणाला, "मी मुद्दाम वेडंवाकडं बडवलं होतं. म्हटलं, तुम्हीच मला हाकलाल."

"मी तर वाजवलंच नाही," बेस गिटारवाला योउनी पुटपुटला.

इल्पो उडालाच. "अरे गाढवांनो, म्हणजे तिघांनाही सोडायचंय? मग सोमवारी रेकॉर्ड कंपनीचा माणूस येतोय, त्याला सांगून मोकळे होऊ!"

"तू सांग."

"मीच का? तू सांग."



सोमवारी त्या माणसानं विचारलं, पाच वर्षांच्या कराराला कुणाची हरकत आहे का. तिघंही खाली बघून कॉफी पीत राहिले.