हिरवी खूण

"हे बघ ताई, त्या दिवशी तुझा सर्व्हर खरं तेच सांगत होता," शेजारच्या खुर्चीवरचा सहकारी म्हणाला. "'केंद्र आज बंद आहे, वेळ मिळणार नाही', हाच मजकूर गेलाय. पण सोबत आकडा दोनशेचा गेलाय."

ती स्क्रीनकडे बघत राहिली. डायलिसिस केंद्राचं ॲप दोघांनी मिळून केलं होतं. फोनवरची बाजू त्याची, सर्व्हरची, जावा या संगणकाच्या भाषेतली बाजू तिची. सर्व्हर उत्तर पाठवतो तेव्हा मजकुराच्या पुढे एक आकडा जातो. दोनशे म्हणजे काम झालं. पाचशेच्या घरातला म्हणजे बिघाड. फोन आधी आकडा बघतो. दोनशे दिसला की हिरवी खूण दाखवतो, मजकूर वाचायच्या भानगडीत पडत नाही.

सगळ्या चुका एका जागी पकडून त्यांचं नीटनेटकं, फोनला वाचता येईल अशा जेसन साच्यातलं उत्तर पाठवणारा कोड तिनं हौसेनं लिहिला होता. मजकूर सोप्या भाषेत, खाली दुसऱ्या केंद्राचा फोन नंबरसुद्धा. आकडा तेवढा घालायचा राहिला. तो घातला नाही की फ्रेमवर्क, म्हणजे ज्यावर कोड उभा असतो तो तयार सांगाडा, आपलं आपण दोनशे लावून मोकळं होतं. सहकाऱ्यानं चाचणीच्या वेळीच टोकलं होतं. तेव्हा ती हसून म्हणाली होती, "मजकूर बरोबर आहे ना? मग आकड्याचं काय घेऊन बसलास. बघू नंतर."

ते नंतर राहूनच गेलं. मग एके दिवशी केंद्रातला पाणी शुद्ध करणारा संच बिघडला. दाराला कुलूप लागलं, आणि त्या दिवसाची वेळ मागणाऱ्या प्रत्येकाच्या फोनवर हिरवी खूण उमटली. बाकीचे पेशंट कुलूप बघून चरफडले आणि दुसऱ्या केंद्राच्या वाटेला लागले. तिचे मामा मात्र दिवेलागणीपर्यंत बाहेरच्या पायरीवर बसून राहिले. घरी आले ते धापा टाकतच. छातीत पाणी भरलं होतं. दवाखान्यात नेलं, पण उपयोग झाला नाही.

तिनं कोड उघडला. एका ओळीचं काम होतं. आकडा घातला, चालवून पाहिलं. फोनवर लाल चौकट आली, तिच्यात तिनं लिहिलेला सगळा मजकूर, खाली तो नंबर. सहकारी पुन्हा आपल्या स्क्रीनकडे वळला. त्यानं दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

ऑफिसातून ती थेट मामींकडे गेली. आई-वडिलांच्या मागे ती याच घरात लहानाची मोठी झाली होती. मामींना सगळं सांगून टाकायचं, असं रस्ताभर घोकत आली होती. मामींनी दार उघडलं, तिच्या हातातली बॅग घेतली आणि तिला जवळ बसवून घेतलं. ठरवलेलं पहिलं वाक्य बाजूला ठेवून तिनं भलतंच विचारलं.

"मामी," ती म्हणाली, "बाकीचे सगळे निघून गेले. मग मामाच का बसून राहिले?"

"मीही फोनवर तेच म्हटलं, या निघून. तर माझ्यावरच चिडले," मामी म्हणाल्या. "म्हणाले, कुलूप उघडायला कुणीतरी विसरलं असेल. आमच्या पोरीचं ॲप चुकायचं नाही."