कार्डाची किंमत उतरेपर्यंत

"आज घ्यायचं का गं?" अप्पांनी विचारलं.

"नको अप्पा. दिवाळीत उतरंल," उत्कर्षा म्हणाली.

बापलेक उसाला पाणी नेणाऱ्या चारीच्या कडेला, पाय पाण्यात सोडून बसले होते. उत्कर्षाच्या हातात मोबाईल आणि मोबाईलवर ग्राफिक्स कार्ड. गेम खेळायचा कॉम्प्युटर ती स्वतः जोडत होती. एकेक भाग बारामतीहून आला होता. आधी पत्र्याचा डबा, मग मदरबोर्ड, प्रोसेसर, मेमरीची पट्टी. पडदाही येऊन बसला होता. राहिलं होतं फक्त कार्ड. त्याच्याशिवाय पडद्यावर काही दिसणार नव्हतं.

काटेवाडीतल्या त्या संध्याकाळी मोठ्या गोड असायच्या. ऊस हळूहळू निळसर व्हायचा, पाणी झोपेत असल्यासारखं वाहायचं, आणि सुरू न झालेला कॉम्प्युटर या दोघांच्या बोलण्यात सुरू व्हायचा. उत्कर्षा सांगायची, "अप्पा, एवढाले डोंगर असतात. घोडा सोडायचा नि जायचं. कुठंच कुंपण न्हाय."

"पाऊस पडतो का तितं?"

"पडतो की."

"मग पीक काय घेत्यात?"

उत्कर्षा हसत सुटायची.

गोम वेगळीच होती. कॉम्प्युटर पुरा झाला की तिला बघायला पाहुणे येणार होते. सारजाबाईंनी लेकीच्या लग्नाचा विषय काढला, तेव्हा अप्पाच बोलून गेले होते, "पोरीची एवढी हौस पुरी होऊ दे, मग बोलवू पाव्हणं. शब्द देतो." भोळा माणूस! पोरीनं तो शब्द बरोबर हेरला.

तिला आत्ता लग्न नको होतं. डेअरीतली नोकरी आवडत होती, हे घर आवडत होतं, ही चारी, हे अप्पा. आईला सांगून सांगून तोंड दुखलं. आई म्हणायची, सगळ्याच पोरी असं म्हणत्यात. मग काय, कार्डाची किंमत उतरायचं नावच घेईना. उन्हाळ्यात सेल येणार होता. सेलमध्ये म्हणे जुना माल निघाला. गणपतीनंतर नवं मॉडेल येणार होतं, तोवर पितरपाठ लागला.

"पितरपाठात नवी वस्तू? नाव काढू नका," हे मात्र अप्पांनीच बजावलं. भर अवसेला ट्रॅक्टर दारात आणून उभा करणारा हा माणूस! पण वय झालं की होतं असं, म्हणून सारजाबाई गप्प बसल्या.

रोज अप्पा विचारायचे, "आज घ्यायचं का गं?" रोज उत्कर्षा पुढचा वायदा करायची, आणि अप्पा मान हलवायचे. आपण या माणसाला फसवतोय, याचं तिला फार वाईट वाटायचं.

दसऱ्याला सकाळीच इंदापूरहून गेणूमामा आले. सारजाबाईंचे धाकटे भाऊ. बोलणं मोठं, हात त्याहून मोठा. त्यांनी एक खोका कॉटवर ठेवला.

"घे भाचे! तू किंमत बघत बसलीस, मामानं बघितलीच न्हाय."

कार्ड. अगदी तेच.

"आता तुमचा शब्द, दाजी," मामा म्हणाले. "लासुर्ण्याचं पाव्हणं उद्याच येत्यात. पोरगं लई गुणाचं हाय."

"शब्द म्हंजे शब्द," अप्पा म्हणाले.

उत्कर्षानं खोक्यातून कार्ड बाहेर काढलं. मुद्दाम वाकडंतिकडं बसवावं असं एकदा मनात आलं. पण एवढ्या दिवसांचं स्वप्न आपल्याच हातानं मोडवेना. तिनं कार्ड नीट बसवलं. अप्पांनी नेहमीसारखा बॅटरीचा उजेड धरला. वायरी जोडून झाल्या, पत्र्याचं झाकण लागलं.

"थांब," अप्पा म्हणाले. "ट्रॅक्टरची पूजा झाली, मोटारीची झाली, ह्याचीच न्हाय व्हय? जा, झेंडू आण. गेणूराव, तुमी हातपाय धुवा. सारजा, नारळ बघ गं."

झेंडू परसात फुलला होता. उत्कर्षानं एकेक फूल सावकाश तोडलं. फुलपाखरं उठत होती, परत बसत होती. हे परस आपण आत्तापासूनच लांबून बघतोय, असं तिला वाटलं आणि रडूच आलं. डोळे पुसून ती घरात आली.

हळदकुंकू वाहिलं, फुलं ठेवली, मामांनी नारळ फोडला. उत्कर्षानं बटण दाबलं. पंखे फिरले, आत लाल दिवे लागले. मामांनी टाळ्या वाजवल्या.

पडदा काळाच.

तिनं पुन्हा दाबलं. काळाच.

"कायतरी बिघडलंय," अप्पा हळहळले. "कंपनीकडं धाडावं लागंल, न्हाय का गं?"

"लागंल बहुतेक," उत्कर्षा म्हणाली. तिला खरंच काही कळत नव्हतं.

"किती दिवस?" मामांचा चेहरा पडला होता.

"कंपनीचं काम, गेणूराव. कसं सांगावं?"

"आवं, पण म्या नवंकोरं आणलंय!"

"तुमचा काय दोष न्हाय वो."

मामांनी लासुर्ण्याला फोन लावला. उद्याचं राहू द्या, पुन्यांदा कळवतो, म्हणाले. सारजाबाई धुसफुसत स्वयंपाकघरात गेल्या आणि मामा बहिणीची समजूत काढायला मागोमाग गेले.

उत्कर्षानं झाकण उघडलं. कार्ड जागेवर होतं. वायरी जागेवर होत्या. मेमरीच्या पट्टीची जागा रिकामी होती.

तिनं मान वर केली. अप्पा दारात उभे होते. त्यांनी स्वयंपाकघराकडं एकवार बघितलं, सदऱ्याच्या खिशावर हात दाबला आणि हळूच म्हणाले, "दोन्ही चाप दाबूनच काढली बघ. तू बसवताना केलं हुतंस तसं."