पहिल्या पेपरचं दही

या, असे पुढे सरकून बसा. खांबाला टेकू नका, झोप लागते. गोष्ट पुराणातली नाही, याच मार्चमधली आहे, कॉलेजच्या मागच्या गल्लीतली. पुणं एवढं मोठं, पण ती गल्ली म्हणजे एक छोटं गावच. छोटीशीच गोष्ट आहे, मन लावून ऐका.

सकाळचे सव्वाआठ. कुसुमताई दारातल्या पायरीवर उभ्या होत्या. एका हातात दह्याचं पातेलं, दुसऱ्या हातात चमचा. आजपासून परीक्षा. दरवर्षी पहिल्या पेपरच्या सकाळी गल्लीत खोल्या घेऊन राहणारी मुलं इथे रांग लावत. ‘दत्तगुरू’ म्हणून कुसुमताई एकेकाच्या तळहातावर दही-साखर ठेवत, आणि मगच मूल कॉलेजच्या फाटकाकडे धावे.

आज पायरीसमोर कुणीच नव्हतं.

“सगळ्यांनी मिळून नापास व्हायचं ठरवलेलं दिसतंय,” खुर्चीतून दिगंबरराव म्हणाले. कॉलेजच्या प्रयोगशाळेत पस्तीस वर्षं काढून ते निवृत्त झाले होते. बोलणं अजून ॲसिडच्या बाटलीशेजारचंच.

आत त्यांची मुलगी कादंबरी मोबाइल घेऊन येरझाऱ्या घालत होती. वारज्याला तिच्या शेजारचाच फ्लॅट भाड्याने मिळत होता, आणि आई-बाबांनी तिथे राहायला यावं असं तिचं म्हणणं. मालकीणबाई मंदाकिनीकाकूंना नऊच्या आत होय की नाही कळवायचं होतं. नाहीतर तो घ्यायला दुसरी माणसं तयारच होती.

“आई, लिफ्ट आहे. खाली बाग आहे. मधली भिंत नुसती ठोकलीस की मी हजर. इथे काय आहे गं? दारात आडव्या लावलेल्या बाइक. रोज कुणाचा तरी वाढदिवस आणि बोंबाबोंब. आणि मे महिन्यात गल्लीत औषधाला माणूस सापडत नाही.”

“मे महिन्यात मी वर्षाची झोप काढतो,” दिगंबरराव म्हणाले.

“बाबा, चेष्टा नको. आई, तीन-तीन वर्षं पोटच्या पोरांसारखं करतेस. गेल्यावर एक तरी फोन करतो का?”

कुसुमताई रस्त्याकडे बघतच बोलल्या, “दिवाळीनंतर यांना चक्कर आली, तेव्हा चौघांनी खुर्चीसकट उचलून दवाखान्यात नेलं. वाटेत विनोद सांगत होते, यांना भीती वाटू नये म्हणून.”

“फार वाईट विनोद होते,” दिगंबरराव म्हणाले.

साडेआठ झाले. दह्याला पाणी सुटायला लागलं. खांद्याला सॅक लावलेला एकजण दिसला, तोही अनोळखी निघाला. सरळ पुढे गेला.

“अगं, समोर श्रोता नसला तर बुवा भिंतीला कीर्तन सांगतात,” दिगंबरराव म्हणाले. “तू भिंतीला दही भरव.”

एरवी कुसुमताईंनी फाडकन उत्तर दिलं असतं. आज त्यांनी पातेलं कठड्यावर ठेवलं आणि पदराने हात पुसले. बराच वेळ पुसले.

“कादंबरी,” त्या म्हणाल्या, “होय म्हणून सांग त्यांना.”

दिगंबररावांनी वर्तमानपत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. कादंबरीने लगेच नंबर लावला. घंटी वाजू लागली.

तेवढ्यात समोरच्या गॅलरीत दार उघडलं. तोंडात ब्रश घेऊन अपेक्षा बाहेर आली. यवतमाळची पोर, दोन वर्षं त्याच खोलीत राहणारी.

“काकू! आज दही? पेपर तर सोमवारवर ढकलला नं!”

“सोमवारी? कुणी सांगितलं?”

“काल ग्रुपवर आलं होतं.”

“मी आहे का गं तुमच्या ग्रुपवर?”

अपेक्षाने तोंडातला ब्रश काढला. “अरे बापा! चुकलंच जी काकू आमचं. सगळे झोपलेत. थांबा.”

ती अनवाणीच जिना उतरून आली. आल्या आल्या कुसुमताईंचा मोबाइल मागितला, दोन बटणं दाबली. “झालं. आता तुम्ही ग्रुपवर.”

“मलाही घ्या,” दिगंबरराव म्हणाले. “दही सोसत नाही मला, पण बातम्या सोसतात.”

“आणि याचं काय करू मी?” कुसुमताईंनी पातेल्याकडे बोट दाखवलं. “चाळीस जणांचं लावलंय!”

“कढी करा नं. आज मेसला सुट्टी आहे, सगळे उपाशीच आहेत.”

“उठव मग सगळ्यांना. अंघोळी करून या म्हणावं, पारोशी मुलं नकोत मला दारात.” कुसुमताई पातेलं उचलून आत निघाल्या. “आणि सोमवारसाठी परत विरजण लावायला हवं. अहो, दूध सांगून ठेवा जास्तीचं!”

पहिल्यांदा कुणी उचलला नव्हता, पुन्हा लावल्यावर आता कादंबरीच्या हातातला मोबाइल बोलू लागला होता. “हॅलो? हॅलो, कोण बोलतंय?”

कादंबरी आईकडे बघत होती. आई डाळीच्या पिठाचा डबा शोधत होती. डब्यात पीठ थोडंच निघालं, तरी तिचा चेहरा लग्नघरातल्या माणसासारखा होता.

“मी कादंबरी, मंदाकिनीकाकू,” ती मोबाइलवर म्हणाली. “तो फ्लॅट... नाही. द्या तुम्ही दुसऱ्यांना.”

मग तिने पायांत चपला सरकवल्या. “आई, पीठ किती आणू?”

“दोन किलो आण. आणि कढीपत्ता!”

गोष्ट एवढीच. आता एक मागणं आहे. आज देवापुढे दिवा लावाल, तेव्हा कुसुमताईंचं नाव नाही घेतलंत तरी चालेल, त्यांना चाळीस जण आहेत. कादंबरीची तेवढी आठवण ठेवा, तिच्या मधल्या भिंतीपलीकडे आता दुसरंच कुणी राहायला येईल.