एकमेव वारस

"तुमचं नाव पुन्हा सांगा," मुकादम वकील म्हणाले.

"वेणू. या धर्मराजची थोरली बहीन. लगीन करून मना जासईला दिलेली."

वकिलांनी समोरचं धर्मराजचं प्रतिज्ञापत्र पुन्हा वाचलं. मग हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, या कागदावर तुम्ही मयत आहात. चौऱ्याऐंशी सालापासून."

वेणूला वाटलं, आपल्या ऐकण्यातच चूक झाली. चौऱ्याऐंशी साली तर तिला मुलगी झाली होती. बारशाला हाच धर्मराज डोक्यावर पाळणा घेऊन आला होता.

परवा त्याच मुलीनं पेपरातली नोटीस वाचून दाखवली होती. पनवेलचं बापाचं घर विकायला निघालं होतं. कुणाचा हक्क असल्यास चौदा दिवसांत वकिलांना कळवावं, असं त्यात होतं. वारस म्हणून एकट्या धर्मराजचं नाव होतं. घाईत भाऊ आपलं नाव घालायला विसरला असेल, असं समजून ती पहिल्या एस.टी.नं पनवेलला आली होती.

धर्मराज समोरच बसला होता. शेजारी घर घेणारे प्रभाकर सामंत, सहीसाठी पेन उघडून.

"ह्यांना ओळखता?" मुकादमांनी विचारलं.

धर्मराजनं तिच्याकडे पाहिलं. चांगलं डोळ्यांत डोळे घालून पाहिलं.

"नाय. मी या बाईला वलखत नाय."

वेणू एक पाऊल त्याच्याकडे सरकली. आई गेल्यावर ज्याला कडेवर घेऊन तिनं भात भरवला, तो बोलत होता हे.

मुकादमांनी सामंतांच्या हातातलं पेन काढून घेतलं. "आज सही नाही. मी तुमचा वकील आहे, असल्या घरात तुम्हाला अडकू देणार नाही." मग ते वेणूकडे वळले. "रेशनकार्ड, शाळेचा दाखला, असेल ते घेऊन या. बाई, अर्धं घर तुमचं आहे. तेच मागायला आलात ना?"

"नाय, सायेब." वेणूनं पदरानं तोंड पुसलं. "भावाचं काम अडू नये म्हनून हक्क सोडाची सही कराला आलती. पन या मानसाची नि माजी तर वलखच नाय. आता माजं अर्धं घर लिवा."